बारा सेंटिमीटर

जुनी विंगर व्हॅन दारात आली त्या संध्याकाळी बाबांनी दिवाणाच्या दोन फळ्या काढल्या, सरकत्या दरवाज्याला टेकवल्या आणि शेजारच्या दोन पोट्ट्यांना हाताशी घेऊन मला व्हीलचेअरसकट आत ढकललं. चेअरवर बसूनच गाडी चालवायची म्हणून ड्रायव्हरचं सीट आधीच खोलून ठेवलं होतं. मी चाकं फिरवत पुढं गेले, सीटच्या रिकाम्या जागेवर थांबले, चेअरचे ब्रेक लावले आणि समोर पाहिलं. समोर सन व्हायझर होता. मान खाली घालून, हनुवटी जवळजवळ छातीला लावून पाहिलं तेव्हा कुठं बॉनेट दिसलं आणि त्याच्यापुढची थोडी जमीन.

बाबा बाहेरून विचारत होते, "दिसते का गं?"

"दिसते ना. फाटकापर्यंत."

सव्वाचार लाख रुपये देऊन झाले होते.

मी जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांचे, हिशेब बघते. सावनेर, काटोल, हिंगणघाट या पट्ट्यात कापूस यायला लागला की माझी धावपळ सुरू होते: साठा मोजणं, काटा पावत्या ताडून पाहणं, जीएसटीचे कागद. २०१४ साली छातीच्या आठव्या मणक्याशी कणा दुखावला, तेव्हापासून पाय माझ्या ताब्यात नाहीत आणि पोटाच्या स्नायूंचाही भरवसा नाही. ती हकीकत इथं नको. २०१८ मध्ये एक छोटी, क्लच नसलेली गाडी घेतली, ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचे हँड कंट्रोल बसवून घेतले आणि पाच वर्षं तीच पळवली.

त्या गाडीचा त्रास चालवण्यात नव्हता, चढण्याउतरण्यात होता. हातांवर भार देऊन सीटवर सरकायचं, मग व्हीलचेअरची चाकं काढून मागच्या सीटवर टाकायची, मग सांगाडा छातीवरून ओढून बाजूच्या सीटवर घ्यायचा. उतरताना हेच उलटं. घरून निघून चार ठिकाणी थांबून परत आलं की हे दहा वेळा होतं. पाच वर्षांत उजवा खांदा इतका झिजला की रात्री कुशीवर झोपता येईना. नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागातल्या मॅडमनी हात वर करायला लावला, तो अर्ध्यात अडकला तो पाहिला आणि म्हणाल्या, "तुमचे पाय म्हणजे आता हे खांदेच आहेत. किती वर्षं पुरवायचे ते ठरवा." त्या दिवशी मोठ्या व्हॅनचा विषय घरात निघाला. चेअरसकट आत शिरायचं, चेअरसकट बाहेर यायचं.

डोळ्यासमोर दोनच नावं होती, फोर्सची ट्रॅव्हलर आणि टाटाची विंगर. ट्रॅव्हलर रस्त्यावर जास्त, निम्मे मिस्त्री तिच्यावरच शिकलेले. पण तिची ओढ मागच्या चाकांना, म्हणजे इंजिनापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट पोटाखालून गेलेला. विंगर पुढच्या चाकांवर चालते, तिला तो शाफ्ट नाही, म्हणून फ्लोअर खाली ठेवता येतो. फ्लोअर जितका खाली तितकी चेअर वर उचलणाऱ्या लिफ्टची चढण कमी. एवढा अभ्यास मी केला आणि त्यावर इतकी खूश झाले की बाकी काही मोजलंच नाही. ऑटोमॅटिक गिअर दोन्हींत नव्हता. ज्यांत होता त्या किआच्या कार्निव्हलसारख्या गाडीची किंमत ऐकून बाबांनी हातातला चहा खाली ठेवला.

मग इतवारीतल्या एका एकत्र कुटुंबाची विंगर कानावर आली. पांढऱ्या पाटीची, घरच्या माणसांनी रामटेक नि शेगाव करायला घेतलेली. घर विभागलं, भांडी विभागली, गाडी कोणाच्याच वाट्याला गेली नाही. दोन वर्षं पोर्चमध्ये धूळ खात होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती आमची झाली.

आता चूक कुठं झाली ते सांगते, कारण व्हॅन घ्यायला निघालेला प्रत्येक जण मला पहिला प्रश्न लिफ्टचा विचारतो. लिफ्ट नंतर. आधी आपण स्वतः किती उंच बसतो ते मोजायचं असतं. माझ्या चेअरच्या गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून ५२ सेंटिमीटरवर. गादीपासून माझा डोळा ७४ सेंटिमीटर. म्हणजे फ्लोअरपासून डोळा १२६. विंगरच्या मूळ सीटवर माणूस बसला की सीट दबून फ्लोअरपासून ४० सेंटिमीटरवर येत होतं, म्हणजे तिथं बसलं तर माझा डोळा ११४ वर आला असता. बारा सेंटिमीटरचा फरक. ऐकायला वीतभरही नाही, पण काचेच्या वरच्या कडेपाशी बारा सेंटिमीटर म्हणजे अख्खा रस्ता. हे मोजायला टेप आणि दोन मिनिटं लागली असती. मी पुढच्या चाकांचा अभ्यास करत बसले.

उपाय दोन होते. एक, ड्रायव्हरच्या जागी फ्लोअर कापून खाली घ्यायचा. वाडीकडच्या एका वर्कशॉपमध्ये दाखवलं, तर तिथला माणूस म्हणाला, "दोन दिवसांत कापून देतो जी, चिंताच नका करू." खडूनं चौकोनही काढला. बाबा रेल्वेच्या अजनी लोको शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ते टॉर्च घेऊन गाडीखाली झोपले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा शर्टाची पाठ काळी झाली होती. "चला," एवढंच म्हणाले. रस्त्यात सांगितलं. ट्रकला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर नुसती ठेवलेली असते. या गाडीला तशी चासी नाही. पत्र्याचं कवच, त्यातल्या दुमडी आणि वेल्डिंग हेच तिचं हाड. "तेलाच्या डब्याचं बूड कापलं तं डबा हातानं दबते. दोन दिवसांत कापते म्हणे." दोन-तीन दिवस ते वाक्य घरात फिरत राहिलं.

दुसरा उपाय, चेअरवर बसून चालवायचंच नाही. आत यायचं चेअरवर, पण चालवायला गाडीच्या सीटवर सरकायचं. मला हे आधी पटेना. खांदे वाचवायला व्हॅन घेतली आणि पुन्हा सरकायचंच? मेडिकलच्या मॅडमनी समजावलं. एक तर सांगाडा उचलून छातीवरून ओढायचा नाही, आणि सरकायचं ते सपाट, सावलीत, घाई न करता. दुसरं, धडक झाली तर साधी व्हीलचेअर सीटचं काम करत नाही. गाडीत सीट म्हणून वापरायच्या चेअरसाठी आयएसओचं वेगळं मानक आहे, ७१७६ चा १९ वा भाग, आणि तशी चाचणी झालेली चेअर माझ्याकडे नव्हती. गाडीचं सीट मात्र पट्ट्यासकट कंपनीनं तपासलेलं.

शेवटी कामठी रोडवर अँब्युलन्सच्या बॉड्या बांधणारे एक मिस्त्री मिळाले. तिशीतला माणूस, बोलणं कमी, हातात सतत गुण्या. त्यांनी मूळ सीटखालचा पत्र्याचा डबा काढला आणि त्या जागी मागवलेलं, विजेच्या मोटरवर हलणारं बैठक-यंत्र बसवलं. रुळांवर सीट ४० सेंटिमीटर मागं येतं, चेअरच्या दिशेनं वळतं आणि वर उचललं जातं. आत जाताना मी सीट ५० वर ठेवते, चेअरपेक्षा दोन सेंटिमीटर खाली. उतरताना ५४ वर, चेअरपेक्षा दोन सेंटिमीटर वर. दोन्ही वेळा उताराकडंच सरकायचं. ही युक्ती मॅडमची, आणि तिनं माझ्या खांद्याला जितका आराम दिला तितका कुठल्या गोळीनं दिला नाही. सरकून बसलं की बटण दाबायचं, सीट वळतं, पुढं जातं, खाली बसतं. ४० वर थांबतं. डोळा ११४ वर.

त्यात एक गोष्ट मिस्त्रींच्या हातून सुटली होती. सीट मागंपुढं होतं, पण पट्ट्याचं बक्कल त्यांनी फ्लोअरला बोल्ट केलं होतं, तेही नुसत्या वॉशरवर. सीट पुढं गेलं की बक्कल कमरेच्या मागं राहायचं. बाबांनी ते बघून काही न बोलता पाना काढला. आता बक्कल सीटच्याच चौकटीवर आहे, सीटबरोबर फिरतं, आणि चौकटीचे बोल्ट फ्लोअरखाली जाड पट्टीत आवळलेले आहेत.

क्लचचं प्रकरण मात्र महिनाभर चाललं. हातानं क्लच दाबणं या गाडीत अशक्य, म्हणून बाहेरून बसवायचा ऑटो क्लच लागणार हे ठरलेलं. त्यात स्वस्त मिळतो तो व्हॅक्यूमवर चालणारा. मिस्त्रींनी तोच सांगितला. बाबांनी विचारलं, "व्हॅक्यूम कुठून घेणार?"

"ब्रेकच्या लाईनमधून काका. सगळे तिथूनच घेतात."

बाबांनी आयुष्याची कितीतरी वर्षं लोकोवरचे एक्झॉस्टर, म्हणजे हवा ओढून व्हॅक्यूम करणारे पंप, खोलण्यात घालवली आहेत. त्या काळी मालगाड्यांचे ब्रेक व्हॅक्यूमवर असत. या विषयावर त्यांना कोणी छेडायला नको होतं. मिस्त्रींच्या वर्कशॉपात लोखंडी घोड्यावर बसून त्यांनी तासभर वर्ग घेतला. डिझेल गाडीत ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो आणि तो व्हॅक्यूम इंजिनावरचा पंप तयार करतो. इंजिन बंद पडलं तर साठलेल्यावर दोन-तीन दाबांपुरती मदत, मग पेडल दगड. पायवाला माणूस अंगाचा भार टाकून तरी दाबेल. हिच्याकडे ब्रेकसाठी एकच हात आहे, तोही लिव्हरच्या टोकाला. "क्लचले त्याच टाकीतून पाजलं तं ब्रेक उपाशी राह्यते, आलं का ध्यानात?" मिस्त्री हसत म्हणाले, "आलं जी." मग विजेच्या मोटरचा क्लच घेतला, आणि ब्रेकसाठी वेगळी छोटी व्हॅक्यूम टाकीही बसली. क्लचचे पैसे जवळजवळ दुप्पट झाले. या बाबतीत मी तोंड उघडलं नाही.

चालवायची रीत अशी. उजव्या हातात स्टिअरिंगवरचा नॉब. डाव्या हाताशी लिव्हर: पुढं ढकलला की ब्रेक, स्वतःकडं ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. हे उलटं का नाही, असं मी विचारलं होतं. जोरात ब्रेक लागला की अंग पुढं जातं. हात ढकलत असेल तर अंगाचा भार ब्रेकवरच पडतो, अ‍ॅक्सिलरेटरवर नाही. पण माझ्यासारखं धड हलणारं असेल तर हेच अंगाशी येतं. स्पीडब्रेकरवर मी पुढंमागं झुलायचे आणि गाडी माझ्याबरोबर झुलायची, धक्के देत. छातीवर रुंद पट्टा घेतला तेव्हा ते थांबलं. गिअर बदलायचा तर डावा हात लिव्हर सोडून दांड्यावर जातो, मुठीतला स्विच दाबला की क्लच सुटतो.

इथं एक फट आहे, तिच्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. चढावर थांबलेली गाडी उचलायची तर ब्रेकही डाव्या हातात आणि गिअरही डाव्या हातात. सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात वर्धा रोडच्या उड्डाणपुलाच्या चढावर पुढं गाड्या तुंबल्या. लिव्हर सोडून गिअरला हात घातला तशी गाडी मागं घरंगळली. मागं स्कूटीवर दोन पोरी होत्या. मी लिव्हरवर झडप घातली, हॉर्न वाजवला, त्यांनी काय म्हटलं ते काच बंद असल्यानं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी लिव्हरला ब्रेक अडकवून ठेवायचा खटका बसवून घेतला. ढकलून अंगठ्यानं खटका टाकला की ब्रेक लागलेला राहतो, हात मोकळा होतो. ज्यांना हँड कंट्रोल आणि हातानं बदलायचा गिअर दोन्ही असणार, त्यांनी हा खटका पहिल्या दिवसापासून मागून घ्यावा. हॉर्नचं बटणही लिव्हरच्या टोकाला घ्यावं. पेडलवर काढताघालता येणारं पत्र्याचं आवरण हवं, कारण माझे पाय मधूनच आपल्या मर्जीनं उडतात आणि त्यांना ब्रेक कुठला नि अ‍ॅक्सिलरेटर कुठला ते कळत नाही. बाबांना गाडी चालवायची असली की आवरण काढायचं.

लिफ्ट. आधी बाबांचा हट्ट रॅम्पचा होता, स्वस्त म्हणून. विंगरचा फ्लोअर रस्त्यापासून ५८ सेंटिमीटर. इमारतींच्या रॅम्पला धरतात तसा एकास बाराचा चढ घेतला तर रॅम्प सात मीटरचा होतो, आणि आमची गल्ली सहा मीटरची. एकास चार घेतला तरी सव्वादोन मीटर, आणि तो चढ मी एकटी चढू शकत नाही. विषय संपला. डाव्या दारात हायड्रॉलिक लिफ्ट आली: ३०० किलोची, बारा व्होल्टच्या पॉवरपॅकवर चालणारी, वर जाताना पंप आणि खाली येताना स्वतःच्या वजनानं. प्लॅटफॉर्मच्या कडेला चेअर घसरू नये म्हणून उठणारी झडप. दार पूर्ण उघडलं नाही आणि हँडब्रेक ओढला नाही तर लिफ्ट हलत नाही. लिफ्ट बाहेर असली तर गाडी सुरू होत नाही. लिफ्टचंच वजन १३० किलो, सगळं डाव्या अंगाला. बसवल्यावर गाडी लंगडल्यासारखी उभी राहिली. मग दुसरी बॅटरी, स्टेपनी आणि अवजारांची पेटी उजव्या बाजूला नेली.

मे महिन्यात काम अर्ध्यावर असताना मला कळलं की नागपूरच्या उन्हाचा विचार या नकाशात कुठंच नव्हता. पारा चढलेला. वर्कशॉपच्या आवारात उभ्या गाडीत मी मापं द्यायला बसले होते. अर्ध्या तासानं उतरले तर डाव्या टाचेला फोड. मिस्त्री इंजिन चालू ठेवून क्लच लावत होते, फ्लोअर तापला होता, आणि मला पायाचं काही कळत नाही. जखम भरायला दीड महिना लागला. मिस्त्रींना इतकं वाईट वाटलं की त्यांनी न विचारता पायांखाली काचेच्या लोकरीचा थर, वर प्लाय आणि वर जाड रबराची मॅट टाकून दिली आणि पैसे घेतले नाहीत. लिफ्टच्या चेकर्ड प्लेटवर आता मी उन्हाळ्यात गोणपाट टाकते. एसी मागच्या बाजूलाही आहे, पण तो सुरू होईपर्यंतची दहा मिनिटं एसीची नसतात.

कागदांचं काम तेवढं मी सुलट्या क्रमानं केलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: कंपनीनं दिलेली रचना मालकाला मनानं बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दिव्यांग व्यक्तीसाठी बदललेल्या गाडीला 'अ‍ॅडॅप्टेड व्हेइकल' हे नाव मिळालं आणि आरटीओच्या परवानगीनं असा बदल करायची वाट ठेवली. आधीचं नाव होतं 'इनव्हॅलिड कॅरेज'. माझ्या छोट्या गाडीच्या आरसीवर तेच छापलेलं आहे. एकदा सीताबर्डीला, म्हणजे आमच्या बर्डीवर, एका तरुण हवालदारानं आरसी पाहिली, पुन्हा पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, हे तं इनव्हॅलिड आहे." मी म्हटलं, गाडी नाही, मी. तो बिचारा इतका गोंधळला की सलाम करून गेला.

तर आधी अर्ज, जोडीला दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड आणि मिस्त्रींनी काढलेले आराखडे, मग परवानगी, मग काम, मग तपासणी. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करताना मालकीचा प्रकार 'दिव्यांगजन' असा लागला आहे ना, तेही बघून घेतलं. नोंदणीच्या अर्जात हा प्रकार ऑक्टोबर २०२० मध्ये आला. तपासणीला एकदाचे दोन हेलपाटे झाले, कारण आरसीवर मूळ सीटं जास्त होती आणि आता मागं चारच उरली होती; ती संख्या बदलायचा उल्लेख अर्जात राहून गेला होता. चूक माझीच. निरीक्षक साहेबांनी दुसऱ्या खेपेला सगळं चालवून पाहायला सांगितलं. लिफ्टवर स्वतः उभे राहून वरखाली करून घेतलं. बक्कल ओढून पाहिलं. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही, पण छाती फुगलेली कळत होती. मग ट्रॅकवर आठचा आकडा आणि रिव्हर्स. लिव्हरवरचा खटका बघून साहेब म्हणाले, "हे चांगलं केलं."

विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घेतली. ते न केलं तर उद्या दाव्याच्या वेळी वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळतं.

पैशांचं खरं खरं सांगते. गाडी सव्वाचार लाख, लिफ्ट दोन लाख ऐंशी हजार, बैठक-यंत्र एक लाख नव्वद हजार, हँड कंट्रोल आणि क्लच मिळून पंच्याऐंशी हजार, बॉडीकाम, वायरिंग, रंग एक लाख दहा हजार. दहा लाख नव्वद हजार. दिव्यांगांच्या गाडीत बसवायच्या किटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२१ च्या कौन्सिलच्या बैठकीत ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं होतं. बिल करणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही, म्हणून मी निर्णयाची प्रत घेऊन गेले होते. राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. २०१८ ला छोट्या गाडीवर २८ ऐवजी १८ टक्के कर लागला होता, पण अट काय, तर लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत. म्हणजे तेव्हा सवलत हवी असेल तर दिव्यांग माणसानं छोट्या गाडीत मावावं, आणि त्याची चेअरही मावावी. ज्याला चेअरसकट आत जायचं आहे त्याला लागते ती गाडी चार मीटरमध्ये बसत नाही, हे नियम लिहिताना कोणाच्या डोक्यात आलं नसावं. राष्ट्रीय महामार्गाच्या २००८ च्या नियमांत टोलमाफी आहे, तिच्यासाठी माफीचा फास्टॅग वेगळा अर्ज करून घेतला. हिंगणघाटला जाताना बोरखेडीच्या नाक्यावर आता थेट दांडा उठतो.

सप्टेंबरात गाडी घरी आली आणि नोव्हेंबरात तिनं मला लोंबकळत ठेवलं.

हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या आवारात, दुपारी तीनला. काम आटोपलं, लिफ्टवर आले, बटण दाबलं. प्लॅटफॉर्म गुडघाभर वर गेला आणि थांबला. वरचं बटण मुकं, खालचंही मुकं. बॅटरी ठीक, फ्यूज ठीक. लिफ्ट अडली तर हातानं चालवायचा हातपंप होता ना? होता. त्याचं हँडल मिस्त्रींनी मोठ्या नीटसपणे ड्रायव्हरच्या सीटमागं, उजव्या भिंतीला, क्लिपांत बसवलं होतं. मी डाव्या दाराबाहेर हवेत. चार हमाल धावले, "ताई, खुर्चीसकट उतरवून देतो." मी नको म्हटलं, तोल गेला तर त्यांचीही पाठ आणि माझीही. मग त्यांतल्या एकाला ड्रायव्हरच्या दारातून आत पाठवलं. "उजवीकडं पाहा. उजवीकडं! लाल दांडा." तो आधी जॅक घेऊन आला, मग पाना घेऊन आला, तिसऱ्यांदा हँडल आलं. हायड्रॉलिकची झडप ढिली केल्यावर मी हळूहळू जमिनीला लागले. तोवर गेटवरच्या माणसापासून ग्रेडरपर्यंत सगळी जिनिंग जमली होती आणि कोणीतरी माझ्यासाठी चहा घेऊन उभं होतं.

कारण संध्याकाळी सापडलं. दार पूर्ण उघडलं आहे हे लिफ्टला सांगणारा स्विच दाराच्या खालच्या रुळापाशी आहे. त्या खाचेत रुई भरली होती. जिनिंगच्या आवारात हवेतच तंतू उडत असतात. तीन आठवड्यांत त्यांची चांगली वात वळली गेली होती, आणि स्विचला वाटत होतं दार बंद आहे. आता स्विचवर रबराचा बूट आहे, मी दर शनिवारी जुन्या टूथब्रशनं रूळ साफ करते, आणि हँडल दाराच्या चौकटीला बाहेरून हात पोचेल असं टांगलेलं आहे.

एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. लिफ्ट बाहेर यायला आणि चेअर वळायला गाडीच्या डावीकडं अडीच मीटर मोकळे लागतात. बर्डीवर किंवा धंतोलीत कितीही जागा सोडून गाडी लावा, कामावरून परत येईस्तोवर त्या जागेत दोन मोटरसायकली उभ्या असतात. लोकांचीही चूक म्हणवत नाही, रिकामी जागा दिसली की लावतात. बाबांनी रस्त्याच्या कामावाल्यांकडून नारिंगी शंकू आणले. पहिला बर्डीवरच चोरीला गेला. दुसऱ्याला आता साखळी आहे.

मागच्या आठवड्यात मिस्त्रींचा फोन आला. यवतमाळचा एक पोरगा आला होता म्हणे, शेतकऱ्याचा, विहिरीत पडून कणा गेलेला. त्यालाही व्हॅन करायची आहे.

"गाडी घेतली का त्यानं?" मी विचारलं.

"नाही ना जी. इथंच येऊन बसला आहे. पाहून राहिला कोणती घ्यायची ते."

मी रविवारी त्याला घरी पाठवायला सांगितलं, त्याच्या नेहमीच्या चेअरवर, नेहमीच्या गादीसकट. बाबांनी टेप आणि गुण्या दिवाणखान्यातल्या खिडकीत आणून ठेवला आहे.